अजिंठ्याचा निळा

अजिंठ्याच्या चित्रांतले बहुतेक रंग जवळच्याच मातीतले आणि दगडांतले आहेत. तांबड्यासाठी गेरू, पिवळ्यासाठी पिवडी, काळ्यासाठी काजळी, तर हिरव्यासाठी बेसाल्टच्या पोकळ्यांत मिळणारी हिरवी माती. निळा मात्र परका. तो लाजवर्दाचा, म्हणजे अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून आलेल्या दगडाचा. इसवी सनापूर्वीच्या ९ आणि १० क्रमांकांच्या लेण्यांतल्या जुन्या चित्रांत तो नाही. पाचव्या शतकातल्या वाकाटककालीन चित्रांत आहे. मधल्या काळात व्यापार कुठवर पोचला होता, याचा इतका थेट पुरावा शिलालेखांतही क्वचितच मिळतो.

हा निळा लाजवर्दाचाच आहे, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवणे कठीण होते. १९व्या शतकात नकला करणाऱ्यांनी चित्रांवर व्हार्निश फासले. पुढे १९२०च्या सुमारास निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी लाखेचा थर चढवला. हेतू रक्षणाचा होता, पण थर पिवळा पडला आणि त्याखालचा निळा हिरवट दिसू लागला.

१९३०च्या दशकात मद्रास संग्रहालयाचे रसायनज्ञ एस. परमशिवन यांनी गिलावा आणि रंग यांचे नमुने तपासले. चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नसून कोरड्या पृष्ठभागावर डिंक-सरसासारख्या बंधकाने रंग बसवला आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्या काळची निळ्याची परीक्षा साधी होती. कणावर आम्लाचा थेंब टाकला की लाजवर्द फिका पडतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. तांब्याचा निळा फसफसतो. नीळ तशीच राहते. अर्थात तपासलेला कण कायमचा जातो.

क्ष-किरण प्रतिदीप्तीत कण गमवावा लागत नाही. लोह दिसले की गेरू किंवा पिवडी, तांबे दिसले की तांब्याचा निळा. लाजवर्दातली सोडियम, ॲल्युमिनियम, गंधक ही मूलद्रव्ये हलकी असल्याने त्यांचा संकेत हवेतच विरतो. तिथे कामी येतो तो सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये कोलकात्यात शोधलेला परिणाम: लेझरखाली लाजवर्द ५४८ प्रतिसेंटिमीटरजवळ ठळक रेषा देतो.

अडथळा पुन्हा लाखेचाच. लेझर पडताच ती स्वतःच चमकते आणि रेषा बुडवते. अतिनील प्रकाशात हीच चमक नारिंगी दिसते, त्यामुळे लाख कुठे फासली आहे याचा नकाशा तरी मिळतो. अवरक्त छायाचित्रात पिवळी लाख पारदर्शक होते; काजळीचा थर मात्र तिथेही काळाच राहतो. बंधकाचा शोध सर्वांत अवघड, कारण मूळचा सरस आणि नंतरची लाख दोन्ही सेंद्रिय असून एकमेकांत मुरलेली आहेत.