अपूर्णांकात मोजलेले विद्यार्थी

दिवसभर दुकानात काम करून संध्याकाळी दोन विषयांचे वर्ग करणाऱ्या विद्यार्थिनीची कल्पना करा. घरभाडे तिला पूर्णच भरावे लागते. २०२० मध्ये अमेरिकन सरकारने संकटकालीन मदत वाटली, तेव्हा त्या हिशेबात मात्र ती पूर्ण विद्यार्थिनी नव्हती.

ती शिकते ते कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांचे, कमी शुल्काचे सार्वजनिक महाविद्यालय. या परंपरेचा आरंभ १९०१ मध्ये इलिनॉयमधील जोलिएट येथे झाल्याचे मानतात. 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव मात्र १९४७ च्या ट्रुमन आयोगानंतर रूढ झाले. येथील सुमारे दोनतृतीयांश विद्यार्थी अर्धवेळ शिकतात. सारा घोळ झाला तो या एका आकड्यापाशी.

२७ मार्च २०२० रोजी 'केअर्स' कायदा झाला. उच्च शिक्षणाच्या वाट्याला सुमारे १४ अब्ज डॉलर आले. महाविद्यालयाला मिळालेल्या मुख्य अनुदानातील किमान निम्मी रक्कम अन्न, निवारा, संगणक, औषधोपचार, पाळणाघर अशा खर्चांसाठी थेट विद्यार्थ्यांच्या हाती द्यायची होती. हेतू उत्तमच. परंतु वाटपाचे सूत्र 'पूर्णवेळ समतुल्य' संख्येवर बेतलेले होते, म्हणजे अर्धवेळ विद्यार्थी अपूर्णांकात धरला गेला. ज्या संस्थांत गरजूंची दाटी, त्यांचाच वाटा घटला.

त्यात एप्रिलमध्ये शिक्षणमंत्री बेट्सी डेव्हॉस यांच्या खात्याने आणखी एक अट घातली: नेहमीच्या संघराज्यीय शिष्यवृत्तीस जे पात्र, त्यांनाच ही मदत. मूळ कायद्यात असे शब्द नव्हते. लहानपणी कागदपत्रांविना देशात आणली गेलेली मुले यामुळे बाहेर पडली. कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजे मे महिन्यात न्यायालयात गेली आणि १७ जूनला त्यांच्यापुरती ही अट तात्पुरती रोखली गेली. देशभर सर्व विद्यार्थ्यांना दार उघडायला मे २०२१ उजाडावे लागले.

सूत्र तोवर बदलले होते. डिसेंबर २०२० च्या दुसऱ्या कायद्याने अर्धे वजन समतुल्य संख्येला, तर अर्धे प्रत्यक्ष डोक्यांना दिले. मार्च २०२१ च्या तिसऱ्या कायद्याने हेच सूत्र राखून सुमारे ४० अब्ज डॉलर दिले. वाक्यरचनेतला एवढासा बदल, पण कम्युनिटी कॉलेजांच्या तिजोरीत त्याचा खणखणाट ऐकू आला.

या पैशाचे सर्वांत बोलके रूप थकबाकीत दिसते. जुने शुल्क थकले की पुढील नावनोंदणी अडते. अनेक ठिकाणी गुणपत्रकही रोखून धरतात, त्यामुळे दुसरीकडे प्रवेश घेणेही अशक्य होते. महासाथीत बुडालेले उत्पन्न भरून काढण्याची मुभा महाविद्यालयांना मिळाली होती. अनेकांनी तिचा आधार घेऊन विद्यार्थ्यांची ही देणी खात्यातून पुसून टाकली. अर्ज नाही, चौकशी नाही. शिल्लक रक्कम शून्य झाल्याचे पत्र तेवढे विद्यार्थ्याला आले.

बहुतेक संस्थांसाठी हा निधी वापरण्याची मुदत ३० जून २०२३ रोजी संपली.