दवाखान्यातून आलेले ऊन

कातडी ‘रापली’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यात कौतुक क्वचितच असते. उन्हातान्हात राबणाऱ्या माणसासाठीचा तो शब्द, आणि पुण्या-मुंबईच्या पार्लरांत तर टॅन घालवण्याचे पैसे मोजले जातात. उत्तर युरोपात मात्र तोच रंग मिळावा म्हणून माणसे नळ्यांनी भरलेल्या पेटीत, म्हणजे सनबेडवर, झोपतात. हा उफराटा शौक कुठून आला, याचे ठरलेले उत्तर असे, की १९२३च्या सुमारास कोको शानेल रिव्हिएराहून रापून परतली आणि फॅशनच्या जगाने तिचा कित्ता गिरवला. गोष्ट झकास आहे. पण गोरेपणाची शतकांची आवड एका बाईच्या सुट्टीने फिरली, हे पटायला जड जाते. माझ्या मते या रंगाला प्रतिष्ठा दिली ती आधी डॉक्टरांनी. शिंपी आणि अत्तरवाले नंतर आले.

फॅरो बेटांवर जन्मलेल्या नील्स फिन्सेनने कोपनहेगनमध्ये कातडीच्या क्षयावर एकवटलेल्या प्रकाशाचा उपचार रूढ केला आणि १९०३ साली त्याला नोबेल मिळाले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये लेझाँ या डोंगरगावी ऑग्युस्त रोलिएने हाडांच्या क्षयाच्या रोग्यांसाठी सूर्योपचाराचा दवाखाना उघडला. पहिल्या दिवशी फक्त पावले, तीही काही मिनिटे. मग पोटऱ्या, मांड्या, असे करत सारे अंग उन्हाला सरावायचे. ज्याची कातडी चांगली रापते तो रोगी बरा होतो, असा रोलिएचा विश्वास होता. माझ्या दृष्टीने खरे वळण इथे आहे. रापणे ही कष्टाची खूण होती, ती प्रकृती सुधारल्याची खूण झाली. दरम्यान जर्मनीत हानाऊ इथे पाऱ्याच्या वाफेचा क्वार्ट्झ दिवा तयार झाला. १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्कीने त्याच जातीच्या दिव्याने मुडदूस झालेली मुले बरी केली. एकाच हातावर प्रकाश पाडला, तरी दुसऱ्या हाताची हाडेही सुधारली. हानाऊचा दिवा ‘डोंगरमाथ्यावरचे ऊन’ अशा अर्थाच्या नावाने घरोघरी विकला गेला. सूर्य पेटीत भरण्याची कल्पना सलूनवाल्यांची नव्हे.

यावर आक्षेप येईल, की कारण वर्गाचे आहे: शेतमजूर कारखान्यात गेला, फिकट पडला, म्हणून रापणे ही फुरसतीची निशाणी ठरली. यात तथ्य आहेच. फ्रान्समध्ये लॉरेआलने ‘आंब्र सोलेर’ हे तेल १९३५मध्ये आणले आणि १९३६मध्ये कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. समुद्रकाठ माणसांनी फुलला. पण इंग्लंडचा मजूर कारखान्यात शिरला एकोणिसाव्या शतकात, आणि तिथल्या उच्चभ्रू बायका त्यानंतरही कित्येक दशके छत्री सावरूनच बाहेर पडत होत्या. वर्गाचे गणित मांडले तर हे मधले अंतर उरतेच. ते भरून काढते वैद्यक.

सनबेडने मात्र दवाखान्याकडून नाव घेतले, औषध घेतले नाही. १९७०च्या दशकात जर्मनीत फ्रीड्रिश वोल्फने ज्या नळ्यांचा प्रसार केला त्यांत अतिनील किरणांपैकी जाळणारे यूव्हीबी कमी आणि यूव्हीए बरेच जास्त. ‘ड’ जीवनसत्त्व घडवतात ते यूव्हीबी. म्हणजे मुडदूस बरा करणारा अंश कमी झाला आणि रंग तेवढा राहिला. तो रंगही नीट पाहिला पाहिजे. यूव्हीबीने पेशींतल्या डीएनएला इजा होते, त्या पेशी संदेश धाडतात, मग रंगपेशी मेलॅनिन बनवतात आणि त्याचे कण शेजारच्या पेशींच्या केंद्रकावर छत्रीसारखे बसतात. याला दोन-तीन दिवस लागतात. यूव्हीएने येणारी झटपट झाक ही बहुतांशी आधीच असलेल्या मेलॅनिनचे ऑक्सिडीकरण असते. तिच्याने फारसे संरक्षण मिळत नाही. सुट्टीआधी थोडे रापून घेतले की ऊन बाधत नाही, ही समजूत म्हणूनच लंगडी आहे.

तरी लोक जातात, आणि ते सारे भाबडे आहेत असे म्हणणे सोपे पण चुकीचे. रंग आणणारा संदेश ज्या प्रथिनातून निघतो, त्यातूनच बीटा-एन्डॉर्फिनही निघते. उंदरांवरच्या प्रयोगात अतिनील किरणांची चटक लागल्यासारखी लक्षणे दिसली आहेत. शिवाय नोव्हेंबरच्या हॅम्बुर्गमध्ये दहा मिनिटांची ऊब आणि उजेड ही काही क्षुल्लक गोष्ट नाही. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सनबेडला तंबाखूच्या गटात बसवले. त्याच वर्षी ब्राझीलने सौंदर्यासाठी त्याचा वापर बंद केला, पुढे ऑस्ट्रेलियाने धंदेवाईक सनबेड बंद केले. जर्मनी अठरा वर्षांखालच्यांना मज्जाव करून थांबली.

लेझाँचे दवाखाने प्रतिजैविकांनी रिकामे केले, आणि १९५६मध्ये तिथे क्लब मेडचे हिवाळी सुट्टीगाव आले. नळ्यांची पेटी आपल्याकडेही आहे, पण ती कातडीच्या डॉक्टरांकडे. ३११ नॅनोमीटरच्या यूव्हीबीने कोड आणि सोरायसिसवर तिथे उपचार होतात, मात्रा मोजून. कोडाच्या डागांत रंग परतू लागतो, भोवतालची कातडीही गडद होते, आणि रोगी डॉक्टरांकडे तक्रार करतात ती या दुसऱ्या रंगाची.