‘ती का राहते?’ : एका प्रश्नाचा मानसशास्त्रीय इतिहास

मारहाण करणाऱ्या पतीला स्त्री सोडून का जात नाही, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन मानसशास्त्राने वारंवार विचारला. प्रश्न तोच राहिला. उत्तरे मात्र बदलत गेली. या बदलामागे केवळ नवी माहिती नव्हती. दोष कोणाच्या पदरी टाकायचा याविषयीची भूमिकाही होती. प्रस्तुत निबंधात कॅरिल रस्बल्ट (१९५२–२०१०) यांच्या गुंतवणूक प्रतिमानाच्या संदर्भात या वाटचालीचा मागोवा घेतला आहे.

१९६४ मध्ये स्नेल, रोझेनवाल्ड व रोबी या मनोचिकित्सकांनी मॅसॅच्युसेट्समधील १२ कुटुंबांच्या अभ्यासावर आधारित लेख प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच रोख पतीवर नसून ‘पत्नीला मारणाऱ्याच्या पत्नी’वर होता. मारहाणीची तक्रार पत्नींनी केली होती. चिकित्सा मात्र त्यांच्याच स्वभावाची झाली. त्या वर्चस्व गाजवणाऱ्या, भावनाशून्य व आत्मपीडनाची ओढ असणाऱ्या ठरल्या. आज हा लेख वाचताना लेखकांच्या आत्मविश्वासाचेच अधिक नवल वाटते.

१९७० च्या दशकात स्त्रियांची आश्रयगृहे उभी राहिली आणि त्यांच्याबरोबर अशा स्त्रियांचे अनुभव संशोधकांपर्यंत पोहोचले. लिनोर वॉकर यांनी १९७९ मध्ये सेलिग्मन यांची ‘अध्ययनित असहायते’ची संकल्पना या अनुभवांना लावली. कुत्र्यांवरील प्रयोगांतून निघालेल्या या संकल्पनेने स्त्रीला दोषमुक्त केले खरे, पण तिला निष्क्रियही ठरवले. गोंडोल्फ व फिशर यांनी १९८८ मध्ये टेक्सासच्या आश्रयगृहांतील ६००० हून अधिक स्त्रियांच्या माहितीवरून याला प्रत्युत्तर दिले. या स्त्रिया सतत मदत शोधत होत्या. अपुरी पडत होती ती मदतच.

रस्बल्ट यांची वाट वेगळी होती. त्यांचा प्रारंभीचा विषय हिंसा नव्हताच. सामान्य प्रेमसंबंध का टिकतात हा होता. थिबो व केली यांनी १९५९ मध्येच समाधान आणि अवलंबित्व या दोन निराळ्या गोष्टी असल्याचे दाखवले होते. नात्यात समाधान नसतानाही माणूस त्यावर अवलंबून असू शकतो. या पायावर रस्बल्ट यांनी १९८० मध्ये मांडले की बांधिलकी तीन घटकांतून निर्माण होते : मिळणारे समाधान, बाहेर उपलब्ध असलेले पर्याय आणि नात्यात आजवर घातलेली गुंतवणूक. गुंतवणूक म्हणजे केवळ पैसा नव्हे. वेळ, मुले, घर, सामाईक परिचित मंडळी, हे सारे तीत येते. ‘बांधिलकी’ या शब्दाला मराठीत गौरवाची छटा आहे. येथे ती बाजूला ठेवावी लागते.

त्यांच्या १९८३ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांच्या प्रेमसंबंधांचा काही महिने मागोवा घेण्यात आला. ज्यांना जोडीदार सोडून गेले, त्यांच्याविषयीचे निष्कर्ष विशेष बोलके आहेत. त्यांचे समाधान फारसे वाढले नव्हते, पर्याय खालावत होते, तरीही त्यांची गुंतवणूक वाढतच होती. रस्बल्ट यांनी या अवस्थेला ‘अडकणे’ म्हटले. मारहाणीचा उल्लेखही नसलेल्या या अभ्यासात पुढील संशोधनाचे बीज आढळते.

१९९५ मध्ये रस्बल्ट व जॉन मार्ट्झ यांनी आश्रयगृहात आलेल्या १०० स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्यापुढील आर्थिक पर्याय तोकडे होते आणि ज्यांची गुंतवणूक मोठी होती, उदाहरणार्थ ज्या विवाहित होत्या, त्यांची बांधिलकी अधिक आढळली. परत जाण्याच्या निर्णयाशीही बांधिलकीचा संबंध दिसला. संशोधकांनी या स्थितीला ‘अनैच्छिक अवलंबित्व’ असे नाव दिले. स्पष्टीकरण स्त्रीच्या स्वभावातून निघून तिच्या परिस्थितीत आले, ही या अभ्यासाची खरी कमाई होय.

तथापि एक उणीव उरते. नोंदी आश्रयगृहापर्यंत पोहोचू शकलेल्या स्त्रियांच्याच होत्या. शिवाय पर्याय तोकडे आहेत असे म्हणताना ते कोणी तोकडे केले, हे प्रतिमान विचारत नाही. नोकरी सोडायला लावणारा, माहेर तोडणारा पुरुष त्या समीकरणात कोठेच दिसत नाही. त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ मायकेल जॉन्सन यांनी भांडणाच्या भरात होणारी हिंसा आणि जोडीदारावर सर्वंकष नियंत्रण ठेवण्यासाठी वापरली जाणारी हिंसा यांत भेद केला. २००३ मध्ये जॅकलिन कॅम्पबेल व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ११ शहरांत जोडीदाराकडून झालेल्या स्त्रीहत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकत्र राहिल्यानंतर विभक्त होण्याने हत्येचा धोका वाढतो आणि जोडीदार अतिनियंत्रक असल्यास तो विशेष वाढतो, असे त्यात आढळले. सोडून जाण्याची ही किंमत १९८० च्या तीन घटकांपैकी एकातही स्वतंत्रपणे मोजलेली नव्हती.