उतारवयातला ट्रम्पेट

ट्रम्पेटवादकाचे वय सर्वांत आधी त्याच्या ओठांवर दिसते. पियानोतला सूर तारेचा असतो, सॅक्सोफोनमधला पत्तीचा. ट्रम्पेटमधला सूर मात्र वादकाच्या ओठांचाच असतो. लहानशा वाटीसारख्या माउथपीसवर टेकलेले ओठ फुंकरीने थरथरतात आणि ती थरथर पितळी नळीत घुमून बाहेर पडते. तीन कळा नळीची लांबी तेवढी बदलतात. वरचा सूर काढायचा तर ओठ आवळावे लागतात आणि हवेचा जोर वाढवावा लागतो. ओठांना मागून दातांचा टेकू लागतो. दात हलले, हिरड्या सुजल्या, ओठ चिरला किंवा दमसास उणा पडला, की पहिल्यांदा जातात ते वरचे सूर. जॅझमध्ये ट्रम्पेटवादकाची कीर्ती बहुतांशी याच सुरांवर उभी असल्याने, म्हातारा ट्रम्पेटवादक प्रत्यक्ष ऐकायला जावे की नाही, हा प्रश्न या संगीताच्या इतिहासात वारंवार उभा राहिला.

पहिल्या पिढीत हा प्रश्न फारसा उरतच नसे, कारण वादक त्याआधीच थांबत. न्यू ऑर्लिन्सहून शिकागोला गेलेल्या जो ‘किंग’ ऑलिव्हर यांचा बँड १९२३ मध्ये अमेरिकेतला अव्वल जॅझ बँड मानला जाई. पुढे हिरड्यांच्या विकाराने त्यांचे दात गेले आणि ट्रम्पेटसारखेच असणारे कॉर्नेट वाजवणे अवघड होत गेले. अखेरची वर्षे त्यांनी जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरात काढली; तिथे ते एका पूल हॉलमध्ये झाडलोट करत. १९३८ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांचेच शिष्य लुई आर्मस्ट्राँग जगप्रसिद्ध झाले होते.

दुसरी वाट परदेशाची होती. विल्यम ‘क्रिकेट’ स्मिथ यांनी १९१३-१४ मध्ये न्यूयॉर्कला जेम्स रीझ युरोप यांच्या वाद्यवृंदातून ध्वनिमुद्रणे केली होती. पहिल्या महायुद्धानंतर ते पॅरिसला वाजवू लागले आणि १९३० च्या दशकाच्या मध्यावर, पन्नाशी उलटल्यावर, मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात पोहोचले. अमेरिकेत तेव्हा नव्या दमाच्या स्विंग बँडचा जमाना होता. मुंबईत मात्र या जुन्या वादकाला बँडचे नेतृत्व मिळाले. त्या काळच्या मुंबईत गोव्याहून आलेले अनेक वादक असे बँड जवळून ऐकत, त्यांच्याकडून शिकत. पुढे ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजलेले आणि सी. रामचंद्र यांच्या चित्रपटसंगीतात ट्रम्पेट वाजवणारे हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ याच मुंबईत घडले.

तिसरी वाट आर्मस्ट्राँग यांनी दाखवली. तरुणपणी एकाच कार्यक्रमात वरच्या ‘सी’ सुराची रासच्या रास ओतून ते श्रोत्यांना थक्क करत. माउथपीसच्या दाबाने १९३० च्या दशकात त्यांचा ओठ इतका जखमी झाला की काही महिने वाद्य बाजूला ठेवावे लागले. ओठांना लावायचे एक जर्मन मलम ते अनेक वर्षे वापरत. पुढे ते त्यांच्या नावानेच विकले जाऊ लागले. पण इलाजापेक्षा मोठा बदल वादनात झाला. १९४७ पासून सहा जणांच्या ‘ऑल स्टार्स’मध्ये ते गाण्याला अधिक जागा देऊ लागले, सूर कमी केले आणि मूळ चाल न मोडता तिच्यातल्या एखाद्या सुरावर रेंगाळू लागले. १९६४ च्या मे महिन्यात त्यांच्या ‘हॅलो, डॉली!’ने बीटल्सना अमेरिकेतल्या पहिल्या क्रमांकावरून खाली आणले, तेव्हा ते ६२ वर्षांचे होते. त्या तबकडीवर ते प्रामुख्याने गातात; ट्रम्पेट थोडाच वेळ वाजतो.

दरम्यान श्रोतेही बदलले होते. १९३० च्या दशकाच्या अखेरीस जुन्या न्यू ऑर्लिन्सच्या संगीताचा शोध घेणाऱ्या काही अभ्यासकांना न्यू आयबेरिया या लहान गावात ट्रम्पेटवादक बंक जॉन्सन सापडले. १९३१ मध्ये रेन गावातल्या एका नाचाच्या कार्यक्रमात त्यांच्या बँडच्या प्रमुखाचा खून झाला होता. त्यानंतर दात गेलेले, हाती वाद्य नसलेले जॉन्सन मिळेल ते काम करत होते. दात आणि ट्रम्पेट मिळाला तर पुन्हा वाजवेन, असे त्यांनी पत्रातून कळवले. चाहत्यांनी वर्गणी काढली. कवळी बनवली ती क्लॅरिनेटवादक सिडनी बेशे यांचे दंतवैद्य भाऊ लेनर्ड बेशे यांनी. जून १९४२ मध्ये जॉन्सन यांचे पहिले ध्वनिमुद्रण झाले आणि १९४५ च्या शरद ऋतूत न्यूयॉर्कच्या स्टायव्हेसंट कॅसिनो या सभागृहात लोक त्यांना ऐकायला गर्दी करू लागले. आपला जन्म १८७९ चा, असे ते सांगत. त्यामुळे जॅझचे आद्य वादक बडी बोल्डन यांच्यासोबत वाजवल्याचा त्यांचा दावा जुळून येई. नंतरच्या संशोधकांनी जन्मसाल दहा वर्षे पुढे, १८८९ च्या आसपास आणले. या व्यवसायात वय प्रथमच भांडवल झाले होते, आणि जॉन्सन यांनी ते वाढवून सांगितले. वादन बेभरवशाचे होते; चांगल्या रात्री त्यांची सरळ, मोजकी चाल ऐकणाऱ्याला धरून ठेवी, वाईट रात्री दारू आणि थकवा जाणवे. १९४९ मध्ये ते वारले.

जुन्या वादकांविषयीच्या या कुतूहलाला कायमचे घर मिळाले ते १९६१ मध्ये. न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच क्वार्टरमध्ये, सेंट पीटर स्ट्रीटवर लॅरी बोरेनस्टीन यांच्या चित्रदालनात जुने वादक जमत. तिथेच ‘प्रिझर्व्हेशन हॉल’ सुरू झाला आणि अॅलन व सँड्रा जॅफी या जोडप्याने तो चालवला. खोली लहान, भिंतींचा रंग उडालेला, बसायला मोजके बाक आणि जमिनीवर उशा. मद्य नाही, ध्वनिवर्धक नाही. नेहमीच्या फर्माइशीचा आणि ‘सेंट्स’ या लोकप्रिय चालीचा दर वेगळा, असे सांगणारी पाटी लावलेली; ‘सेंट्स’ रोज वाजवून वादक कंटाळत, म्हणून तिचा दर सर्वांत जास्त. रॉक अँड रोलच्या लाटेत काम गमावलेले साठी-सत्तरीतले कृष्णवर्णीय वादक इथे रोज रात्री वाजवू लागले. त्यांच्यातले ट्रम्पेटवादक डी डी पिअर्स दृष्टिहीन होते. त्यांच्या पत्नी बिली पियानोवर साथ करत. पर्सी हम्फ्री यांचा चरितार्थ अनेक वर्षे विम्याच्या कामावर चालला. ते नव्वदीपर्यंत वाजवत राहिले. किड थॉमस व्हॅलेंटाइन यांचा ट्रम्पेट कधीच गुळगुळीत नव्हता. तुटक, ठोक्यावर आपटणारे सूर हीच त्यांची रीत होती, म्हणून वयाने तिचे फारसे बिघडले नाही.

सुरेलपणा ढळलेल्या वादनाला केवळ वयामुळे दाद मिळते, असा आक्षेप या हॉलवर घेतला गेला. तो अगदीच निराधार नव्हता. पण हे संगीत एकट्याच्या कर्तबगारीचे नाही. ट्रम्पेट चाल धरतो, क्लॅरिनेट तिच्याभोवती फिरतो, ट्रॉम्बोन खालून आधार देतो. अशा मेळात ट्रम्पेटवादकाकडून उंचीपेक्षा लय आणि वेळेवर दिलेला इशारा अपेक्षित असतो, आणि या गोष्टी ओठांपेक्षा उशिरा झिजतात.

आधुनिक जॅझमध्ये हा आधार नव्हता. चेट बेकर यांचे दात १९६६ च्या मारहाणीत बिघडले. कवळीवर नव्याने वाजवायला शिकून ते १९७३ मध्ये परतले. त्यांचे वादन मुळातच हळुवार असल्याने ते निभावले. सहा वर्षांच्या खंडानंतर १९८१ मध्ये रंगमंचावर आलेल्या माइल्स डेव्हिस यांच्या फुंकीत आधी जोर कमी होता, तो हळूहळू परत आला. ८ जुलै १९९१ रोजी माँत्रो इथे त्यांनी गिल इव्हान्स यांच्या जुन्या रचना पुन्हा वाजवल्या, तेव्हा अवघड भाग सांभाळायला तरुण वॉलेस रोनी शेजारी होते. सप्टेंबरमध्ये डेव्हिस वारले.

सर्वांत उलटे उदाहरण डॉक चीटम यांचे. १९०५ मध्ये नॅशव्हिल इथे जन्मलेले चीटम १९३० च्या दशकात कॅब कॅलोवे यांच्या बँडमध्ये ट्रम्पेटच्या रांगेचे मुख्य वादक होते. लिहिलेले सूर बिनचूक वाजवणे हे त्यांचे काम. एकल वादक म्हणून त्यांचे नाव नव्हते. साठी ओलांडल्यावर त्यांनी एकल वादनाची नव्याने तयारी केली. वाद्याचे तोंड छताकडे, कोपरे बाहेर काढलेली, असे उभे राहून ते लहान, स्वच्छ वाक्ये वाजवत आणि मधूनच हलक्या आवाजात गात. १९८० पासून न्यूयॉर्कच्या स्वीट बेसिल क्लबात दर रविवारी दुपारी त्यांची बैठक असे, आणि लोक तिथे येत ते आज ते काय वाजवतात हे ऐकायला. तरुणपणचे वादन आठवत बसावे, असे त्यांच्याकडे फारसे नव्हतेच.

१९९६ मध्ये, ९१ व्या वर्षी, त्यांनी विशीतल्या निकोलस पेटन यांच्यासोबत ध्वनिमुद्रण केले. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनच्या ब्लूज अॅली क्लबात वाजवल्यानंतर ते आजारी पडले आणि २ जून १९९७ रोजी, ब्याण्णवाव्या वाढदिवसाला ११ दिवस उरले असताना, वारले. त्या ध्वनिमुद्रिकेतल्या ‘स्टारडस्ट’ला १९९८ चा सर्वोत्कृष्ट जॅझ एकल वादनाचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला, तो दोघांच्या नावे होता.