दौलताबादचे दुष्काळ

बंगालच्या सपाट मैदानावर ऐन उन्हाळ्यात उठणारी चक्री वावटळ काही पळांत गावेच्या गावे उलथून टाकते. बांगलादेशातील माणिकगंज जिल्ह्यात दौलतपूर आणि सातुरिया या भागांवरून २६ एप्रिल १९८९ रोजी अशीच एक वावटळ गेली. सुमारे १३०० माणसे तिने घेतली, आणि जगातील सर्वांत प्राणघातक वावटळ म्हणून तिची नोंद झाली. अशी आपत्ती माणसाला विचार करण्याइतकाही अवधी देत नाही. म्हणून तिच्या बळींबद्दल राज्यकर्त्याला जाब विचारण्यासही फारशी जागा उरत नाही. आमच्या दख्खनच्या पठारावरील आपत्तीची चाल याच्या अगदी उलट आहे. मृग कोरडा जातो, आर्द्रा कोरडी जाते, पेरलेले बी ढेकळांत करपते, हस्ताकडे लावलेली आशाही फोल ठरते. मग बळदातील धान्य सरते, गुरे कसायाच्या भावाने विकली जातात, कुटुंबे परागंदा होतात, आणि एवढे सर्व होऊन गेल्यावर माणसे मरू लागतात. पावसाने दगा दिल्याच्या दिवसापासून पहिला भूकबळी पडेपर्यंत मध्ये कित्येक महिने गेलेले असतात. एवढ्या दीर्घ अवधीत सत्ताधीशांनी काय केले आणि काय केले नाही, हा प्रश्न दुष्काळाच्या इतिहासात केंद्रस्थानी असावयास हवा. आणि तो विचारण्यास दौलताबादसारखे दुसरे स्थळ महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेस पसरलेल्या ज्या प्रदेशास मोगली दप्तरात बालाघाट म्हणत, त्यात हा दुर्ग उभा आहे. येथील सरासरी पर्जन्यमान वर्षास सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि सरासरी म्हटली की तिच्या आड कोरडी वर्षेही दडलेली असतात. अशा भूमीत दुर्ग उभारणाऱ्यांनी पाण्याची चिंता प्रथम वाहिली, यात नवल नाही. लांबीरुंदीने सुमारे ४७ मीटर भरणारा हत्ती हौद पाहिला, म्हणजे त्या चिंतेचे प्रमाण ध्यानात येते. कातळ उभा तासून केलेला कडा, खोल खंदक, अंधारी आणि एकात एक गुंफलेले कोट यांनी शत्रूस अडविण्याची जेवढी योजना मानवी बुद्धीस सुचू शकते तेवढी येथे केलेली आहे. तरीही या दुर्गाचा इतिहास धान्याच्या कोठाराच्या दाराशी उभे राहून वाचला, तर तो निराळाच दिसतो. सन १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने देवगिरीस, म्हणजे याच दुर्गास, वेढा घातला तेव्हा धान्याच्या समजून गडावर घेतलेल्या गोणींत मीठ निघाले, आणि रामदेवरायास तह करावा लागला, अशी कथा फार्सी इतिहासकार फेरिस्त्याने नोंदविली आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, गडाचे मर्म कोठे आहे हे ती कथा रचणाऱ्यास अचूक उमगले होते. पुढे १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे आणली. ती प्रसिद्ध हकीकत सर्वांस ठाऊक असल्याने तिच्यात शिरण्याचे कारण नाही.

दुर्गादेवीचा दुष्काळ या नावाने लोकस्मृतीत राहिलेली आपत्ती १३९६ च्या सुमारास सुरू झाली आणि बारा वर्षे टिकली, अशी परंपरा आहे. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने नमूद केले आहे की, त्यानंतर कित्येक वर्षे मुलुख ओस पडला, आणि पुढे दादू नरसू काळे या ब्राह्मण कारभाऱ्याच्या हातून गावांची नवी घडी बसवावी लागली. लावणीस येणाऱ्या रयतेस पहिल्या वर्षी सारा माफ, आणि दुसऱ्या वर्षी तोबराभर धान्य एवढाच सारा, असा कौल तेव्हा दिला गेला. याच काळाच्या आगेमागे राज्य करणारा बहमनी सुलतान दुसरा महंमदशहा याने अवर्षण पडताच माळवा आणि गुजरात येथून धान्य आणण्यासाठी दहा हजार बैल कामास लावले, आणि अनाथ मुलांसाठी ज्या शहरांत शाळा काढल्या त्यांत दौलताबाद होते, असे फेरिस्ता सांगतो. चौदाव्या शतकात, बैलाच्या पाठीखेरीज वाहतुकीचे दुसरे साधन नसताना, एखाद्या राज्यकर्त्यास हे सुचले आणि साधले, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. कारण तिच्या तुलनेत यानंतर सव्वादोनशे वर्षांनी जे घडले ते अधिकच काळेकुट्ट दिसते.

तोवर दौलताबाद अहमदनगरच्या निजामशाहीकडे आले होते. तिचा वजीर मलिक अंबर १६२६ मध्ये वारला, आणि जमिनीची पाहणी करून, इजारे मोडून त्याने रयतेस दिलेली स्वस्थता त्याच्याबरोबरच गेली. निजामशाही दरबारात एकमेकांवरील विश्वास इतका नष्ट झाला की, जुलै १६२९ मध्ये सिंदखेडचे लखुजी जाधवराव यांची त्यांच्या पुत्र-पौत्रांसह दौलताबादेतच भर दरबारात हत्या झाली. त्याच सुमारास शहाजहानविरुद्ध बंड करून खानजहान लोदी निजामशाहीच्या आश्रयास आला. त्याच्या पाठोपाठ १६३० च्या आरंभी बादशहा स्वतः बऱ्हाणपुरास येऊन बसला, आणि त्याच्या फौजा बालाघाटात उतरल्या. त्याच वर्षी पाऊस पडला नाही. अब्दुल हमीद लाहोरीचा बादशाहनामा हा दरबारी ग्रंथ. बादशहाची स्तुती हेच त्याचे प्रयोजन. परंतु त्यातही स्पष्ट लिहिले आहे की, बालाघाटात अवर्षण होते, दौलताबादच्या आसपास ते विशेष तीव्र होते, आणि पुढच्या वर्षी दख्खन व गुजरात हे दोन्ही प्रांत कोरडे गेले. भाकरीच्या तुकड्यासाठी माणसे स्वतःस विकावयास निघाली तर घेणारा मिळेना, मेलेल्यांच्या हाडांचे पीठ धान्याच्या पिठात मिसळून विकले जाऊ लागले, आणि माणसाने माणसास खाण्यापर्यंत वेळ आली, असा त्याचा वृत्तान्त आहे. दरबारी इतिहासकारास ज्या गोष्टी झाकता आल्या नाहीत त्या प्रत्यक्षात किती भयंकर असतील, याचा विचार करताना लेखणी जड होते. देहूच्या तुकोबांची पहिली पत्नी याच दुष्काळात अन्नावाचून गेली. त्या एका घराची वार्ता आपणांस माहीत आहे, कारण त्या घरात एक महाकवी होता. बालाघाटातील हजारो घरांत तसे कोणी नव्हते.

सुलतानी आस्मानीस कशी हात देते, याचे प्रत्यक्ष साक्षीदारही आहेत. इंग्रज व्यापारी पीटर मंडी हा सन १६३० च्या अखेरीस सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास गेला. वाटेने प्रेतांची रास, नंदुरबारात लहानसा तंबू ठोकण्यासही मोकळी जागा मिळेना, उकिरड्यांवर अन्नाचे कण शोधणारी माणसे, असे त्याचे वर्णन आहे. आणि त्याच प्रवासात, धान्याने लादलेल्या बैलांचे तांडे माळव्याकडून येताना त्याने पाहिले. ते धान्य बऱ्हाणपूरच्या बादशाही लष्करासाठी चालले होते! म्हणजे धान्य होते, बैल होते, वाट होती, वाहणारे वंजारी होते. महंमदशहा बहमनीने जी यंत्रणा उपाशी प्रजेकडे वळविली, तीच येथे, तशाच संकटात, फौजेच्या पोटासाठी राबत होती. शहाजहानने काहीच केले नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत प्रांतात लंगरखाने उघडले गेले. बऱ्हाणपुरात वीस आठवडे दर सोमवारी पाच हजार रुपये वाटण्यात आले. अहमदाबादेस पन्नास हजार पाठविण्यात आले. आणि खालशाच्या मुलखातील सुमारे सत्तर लाखांचा सारा माफ झाला. परंतु ही यादी कितीही वेळा वाचली तरी तीत दौलताबादचे नाव येत नाही. ज्या मुलखात अवर्षण सर्वांत कठोर असल्याचे तोच ग्रंथकार सांगतो, तो मुलूख शत्रूचा होता, आणि त्याच्या वाट्यास लंगराऐवजी लष्कर आले. परांड्याचा वेढा तर मोगल सरदार आझमखानास चारा मिळेना म्हणून उठवावा लागला. ज्या भूमीत घोड्यांस गवत उरले नव्हते तेथे माणसांस काय उरले असेल?

भूक अखेर गडाच्या आतही पोचली. सन १६३३ मध्ये महाबतखानाने दौलताबादेस वेढा घातला. सुरुंगांनी बाहेरचे कोट फुटले हे खरे. परंतु विजापूरकरांच्या आणि शहाजीराजांच्या फौजांनी गडावर धान्य पोचविण्याचे जे प्रयत्न केले ते मोगलांनी निष्फळ केले, आणि तेथेच वेढ्याचा निकाल लागला. आत शिधा संपत चालला. मलिक अंबरचा पुत्र फत्तेखान याने साडेदहा लाख रुपये घेऊन जूनमध्ये गड स्वाधीन केला. हत्ती हौदातील पाण्याने तहान भागत होती. भाकरीची सोय कोणत्याही कातळात खोदता येत नाही.

या वर्षांनी केलेली जखम किती खोल होती, हे मोगलांच्याच जमाखर्चातून कळते. वीस वर्षांनंतर, औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला तेव्हा, चारही सुभ्यांची कागदोपत्री जमा ३ कोटी ६२ लाख रुपये होती, आणि प्रत्यक्ष वसूल होता सुमारे १ कोटी. शेतकरीच नाही तर वसूल कोठून येणार? तेव्हा मुर्शिदकुलीखान या दिवाणाने गावे पुन्हा वसविण्याचे काम हाती घेतले. पाटलांची व्यवस्था लावली, बैलबियाण्यासाठी तगाई दिली, पिकाच्या मानाने धारा बांधला. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत या माणसास एक ओळ मिळते, आणि दौलताबादच्या तोफांस पाने मिळतात, हे मला नेहमीच विपरीत वाटत आले आहे.

याच भूमीवर १९७२ मध्ये पुन्हा तसेच अवर्षण पडले. विहिरी आटल्या, गुरे गेली, माणसांनी मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले, खडी फोडून हातांस घट्टे पडले. ज्यांनी ते वर्ष पाहिले त्यांच्या बोलण्यात आजही त्याची धास्ती जाणवते. तथापि १६३० सारखी प्रेते रस्त्यांवर पडली नाहीत. त्या हंगामात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर एका वेळी पन्नास लाखांच्या आसपास मजूर होते. पाझर तलाव, रस्ते, बांधबंदिस्ती यांची मजुरी घरी येत होती आणि धान्य आगगाडीने येत होते. त्याच अनुभवातून वि. स. पागे यांनी पुरस्कारिलेल्या रोजगार हमी योजनेचा १९७७ मध्ये कायदा झाला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. ढग दोन्ही वेळा सारखेच निष्ठुर होते. फरक पडला तो राज्याने धान्य आणि पैसा कोणाकडे पाठविला यामुळे. म्हणून मराठवाड्यातील शिक्षकांस माझी विनंती आहे की, मुलांना घेऊन दौलताबादेस जाल तेव्हा खंदक आणि अंधारी दाखवाच, पण १६३० साली या तटांच्या बाहेर काय झाले, आणि ते टाळणे कोणाच्या हाती होते, हेही त्यांना तेथेच उभे राहून सांगा.