नवभाषा (न्यूस्पीक)

नवभाषा (न्यूस्पीक) ही जॉर्ज ऑर्वेल (१९०३–१९५०) यांच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९) या दुःस्वप्नलोकी कादंबरीतील कल्पित राजभाषा होय. कादंबरीतील ओशनिया या राष्ट्रावर एकाच पक्षाची निरंकुश सत्ता आहे. विरोधी विचार दडपण्यावर न थांबता तो मनात उमटूच नये, या हेतूने पक्ष ही भाषा घडवीत असतो.

स्वरूप

सामान्यतः भाषेचा शब्दसंग्रह काळानुसार वाढतो. नवभाषेचा मात्र कोशाच्या प्रत्येक आवृत्तीत घटतो. समानार्थी व विरुद्धार्थी शब्द काढून टाकून एकाच मूळ शब्दाला उपसर्ग जोडले जातात. मराठीत कल्पना करावयाची, तर ‘वाईट’, ‘उत्तम’, ‘निकृष्ट’ हे शब्द रद्द करून केवळ ‘चांगले’, ‘अचांगले’ व ‘अतिचांगले’ ठेवण्यासारखे हे आहे. ‘मुक्त’ या अर्थाचा शब्द उरतो, पण शेत तणमुक्त आहे असे सांगण्यापुरताच. राजकीय स्वातंत्र्याचा अर्थ त्यातून वगळला जातो. राजकीय शब्द मुद्दाम आखूड व जोडशब्द स्वरूपाचे केलेले असतात, म्हणजे ते विचार न करता उच्चारता येतात.

सत्तेची साधने

नवभाषेबरोबरच नामकरण हेही कादंबरीतील सत्तेचे प्रमुख साधन आहे. युद्ध चालविणारे खाते ‘शांतता मंत्रालय’, छळ करणारे ‘प्रेम मंत्रालय’, तर असत्य प्रसृत करणारे ‘सत्य मंत्रालय’ म्हणविले जाते. नायक विन्स्टन स्मिथ याच सत्य मंत्रालयात जुन्या वृत्तपत्रांतील मजकूर बदलण्याचे काम करतो. नाहीशा केलेल्या माणसाचे नावही कागदोपत्री पुसले जाते. कोशकार सिम हा नवभाषेचा निस्सीम भक्त. परंतु तिचे प्रयोजन तो फार स्पष्टपणे बोलून दाखवितो आणि अखेर तोही नाहीसा होतो.

पार्श्वभूमी व मराठीशी संबंध

ऑर्वेल यांचा जन्म बिहारमधील मोतिहारी येथे झाला. १९४१ ते १९४३ या काळात ते बीबीसीच्या पौर्वात्य विभागात भारतासाठी कार्यक्रम तयार करीत. त्यांनी इंग्रजीत लिहिलेल्या युद्धवार्तांच्या मसुद्यांवरून मराठी, गुजराती, बंगाली व तमिळ वार्तापत्रे प्रसारित होत. मूळच्या कोल्हापूरकडील लेखिका वेणू चितळे या विभागात त्यांच्या सहकारी होत्या. प्रत्येक मजकूर परीक्षकाच्या नजरेखालून जात असे. या अनुभवाचा ठसा ‘सत्य मंत्रालया’च्या चित्रणावर आहे, असे अनेक समीक्षक मानतात.

याच सुमारास, ऑगस्ट १९४२ मध्ये, ‘भारत छोडो’ ठरावानंतर काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) किल्ल्यात खटल्याविना स्थानबद्ध करण्यात आले. आरंभी त्यांना वृत्तपत्रे व पत्रव्यवहार यांची मनाई होती. मौलाना आझाद यांनी येथे मित्राला उद्देशून लिहिलेली पत्रे त्या वेळी पाठविता आली नाहीत. ती पुढे ‘गुबार-ए-खातिर’ (१९४६) या ग्रंथात प्रसिद्ध झाली. जवाहरलाल नेहरू यांनी ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ १९४४ मध्ये याच किल्ल्यात लिहिले. संवाद तोडणारी सत्ता व तरीही लिहीत राहणारे बंदिवान, हा प्रसंग कादंबरीतील चोरून रोजनिशी लिहिणाऱ्या विन्स्टनशी ताडून पाहण्याजोगा आहे.

कार्यालयीन मराठीतील ‘कळविण्यात येते’, ‘अतिक्रमण हटविण्यात आले’ यांसारख्या रचनांत कर्ता लुप्त होतो. ही नवभाषा नव्हे. तथापि निर्णय कोणी घेतला हा प्रश्न वाक्यरचनेतूनच कसा गळून पडतो, हे त्यातून दिसते.

मूल्यमापन

शब्द नाहीसा झाला की विचारही नाहीसा होतो, हे टोकाचे मत आज बहुतेक भाषाशास्त्रज्ञ स्वीकारत नाहीत. माणसे जुन्या शब्दांना नवे अर्थ देतात आणि नवे शब्दही घडवितात. कादंबरीतही नवभाषा पूर्णपणे रूढ होण्यास २०५० साल अपेक्षित धरले आहे. तिची माहिती देणारे परिशिष्ट नेहमीच्या इंग्रजीत व भूतकाळात लिहिलेले आहे. यावरून पक्षाची सत्ता पुढे कोसळली असावी, असा अर्थ काही समीक्षक लावतात. इतरांच्या मते तो केवळ निवेदनाचा संकेत आहे.