‘मॅट्रिक्स’ आणि त्याचे टीकाकार

३१ मार्च १९९९ रोजी अमेरिकेत ‘द मॅट्रिक्स’ झळकला आणि टीकाकारांची पंचाईत झाली. माणसे जगतात ते जग यंत्रांनी रचलेला आभास आहे, हा त्यातला विचार. आणि तो सांगायचा कुंगफूने! रॉजर ईबर्ट यांनी दृश्यांची वाहवा केली. पण एवढा विचार मांडून शेवटी गोळीबार आणि हाणामारीच का, अशी तक्रारही केली.

मला ती अर्धीच पटते. हाँगकाँगच्या युएन वू-पिंग यांनी नटांना महिनोन् महिने तालीम दिली, ती केवळ शोभेसाठी नव्हे. निओ आधी मॉर्फियसकडून मार खातो, आणि देहाच्या मर्यादा हे त्या आभासाचेच नियम आहेत, हे त्याला तिथेच उमगू लागते. गोळीबाराला मात्र असा काही अर्थ नाही. तिथे ईबर्टच खरे.

२००० साली चार ऑस्कर मिळाली, पण संकलन, ध्वनी, ध्वनिपरिणाम आणि दृश्यपरिणाम यांची. पटकथेला नामांकनसुद्धा नाही. खरी गंमत २००३ सालची. ज्यांचे पुस्तक पोकळ करून निओ त्यात चोरटा माल लपवतो, ते फ्रेंच तत्त्वज्ञ झां बोद्रियार म्हणाले, माझा विचार या मंडळींना समजलाच नाही! २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत ‘मॅट्रिक्स’चे नाव चढले.